हौसेचा जमाखर्च

मराठीत 'अपग्रेड' या शब्दाला घरात बोलला जाणारा प्रतिशब्द नाही. 'अद्ययावत करणे', 'श्रेणीवाढ', 'उन्नतीकरण' हे शब्द परिपत्रकांत शोभतात. जेवणाच्या ताटावर बसून ते कुणी उच्चारत नाही. उलट डागडुजी, रफू, ठिगळ, कल्हई आणि देवळाच्या बाबतीत जीर्णोद्धार हे शब्द आपल्या तोंडात सहज येतात. या सगळ्या शब्दांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे मूळ वस्तू आपल्यापाशीच राहणार. भांडे तेच, कल्हई नवी. बाजारातला 'अपग्रेड' मात्र बहुतेक वेळा जुने देऊन नवे घेण्याच्या अर्थानेच वापरला जातो. २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरातल्या अकरा वर्षांच्या संगणकावर जे काम झाले, त्याला म्हणूनच मी अजून अपग्रेड म्हणायला तयार नाही. ती डागडुजी होती. फरक इतकाच की ती कामासाठी नव्हती, खेळासाठी होती. आणि या फरकामुळेच तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटले.

हा संगणक २०१४ सालच्या अखेरीस जोडून घेतलेला. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर, एच-८१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि साडेअठरा इंची मॉनिटर. खरेदीमागची कारणे अगदी गंभीर होती: सेट परीक्षेची टिपणे, प्रश्नपत्रिका, आणि दिवाळी अंकांचे मुद्रितशोधन. या शेवटच्या कामाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण पुढच्या सगळ्या व्यवहाराचे भांडवल तिथूनच आले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची स्थिती या पानांच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. जितके तास घेतले तितक्यांचेच मानधन, सुट्टीचे काही नाही, आणि घेतलेल्या तासांचे पैसेही कोणत्या महिन्यात हाती येतील याचा नेम नाही. दर जून-जुलैत आपण पुन्हा उमेदवार होतो आणि ज्या वर्गावर पाच-सहा वर्षे शिकवले त्याच वर्गासाठी पुन्हा मुलाखत देतो. अशा घरात दिवाळी अंकांच्या मुद्रितशोधनाचे पैसे हीच काय ती 'वरची' मिळकत. त्या वर्षी त्यातून १५ हजार रुपये बाजूला पडले.

आपल्याकडे म्हण आहे की हौसेला मोल नसते. ही म्हण बहुधा ज्यांना मोल द्यावे लागत नाही त्यांनी रूढ केली असावी. खेळाच्या बाबतीत मात्र ती एके काळी शब्दशः खरी होती. तुकोबांच्या गाथेत चेंडूफळी, विटीदांडू, हमामा, टिपरी, फुगडी या खेळांवरचे अभंग आहेत. अध्यात्म सांगायला खेळाची भाषा घ्यावीशी वाटली, याचे एक कारण मला असे दिसते की ते खेळ सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते, आणि ते तसे पडले कारण त्यांना काही लागत नव्हते. लाकडाचे दोन तुकडे, चिंध्यांचा चेंडू, आणि फुगडीला तर नुसते दोन जीव. योहान हॉइझिंगाने १९३८ साली 'होमो लुडेन्स'मध्ये खेळाची जी लक्षणे सांगितली त्यांत एक असे की खेळ रोजच्या व्यवहारापासून अलग काढलेल्या जागेत आणि वेळेत घडतो. ही अलग जागा आपल्याकडे अंगण होती, पार होता, नदीचे वाळवंट होते. संगणकावरच्या खेळांनी या व्यवस्थेत मोठा बदल केला. इथे विटीदांडूबरोबर अंगणही विकत घ्यावे लागते, आणि दर चार-पाच वर्षांनी ते अंगण लहान पडल्याचे जाहीर होते.

आमची लेक पदवीच्या पहिल्या वर्षाला, शास्त्र शाखेत आहे. तिने एक दिवस वहीचे पान माझ्यापुढे ठेवले. त्यावर सुट्या भागांची यादी होती, प्रत्येकापुढे नवा भाव, जुन्या बाजारातला भाव आणि 'हे नसले तरी चालेल' असा तिसरा रकाना. बेरीज १२ हजारांच्या आत होती. यादी इतकी नेटकी होती की प्रथम कौतुकच वाटले. मग दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की या पानावर कुठेही हट्ट नाही. कुठले खेळ खेळायचे आहेत हे लिहिलेले नाही. या यंत्रावर कुठले खेळ चालू शकतील ते लिहिलेले आहे. माझ्याकडे मागण्याआधीच तिने आपली इच्छा घासून, तासून, आमच्या घराच्या दारातून आत येईल एवढी करून आणली होती. अठराव्या वर्षी हे कसब येणे म्हणजे शहाणपण की नुकसान, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे. तिला मात्र एवढेच म्हणालो, "१५ हजार धरून पुन्हा मांड." ती म्हणाली, "बाबा, मग एसएमपीएस चांगला घेता येईल." वाढीव पैशांतही तिला आधी गरजच दिसली.

त्यानंतरचे काही दिवस आम्ही दोघांनी जे शिकून घेतले ते सांगण्यासारखे आहे. संगणकाचा वेग हा बैलगाडीसारखा असतो. गाडी जोडीतल्या मंद बैलाच्या चालीने चालते. एकट्या तरण्या बैलावर पैसे घालून उपयोग नाही. म्हणून हिशेबाची सुरुवात कुठून करायची हे आधी ठरवावे लागते, आणि ती करायची मॉनिटरपासून. आमचा पडदा १३६६ बाय ७६८ बिंदूंचा, म्हणजे एकूण साधारण साडेदहा लाख बिंदूंचा. हल्ली सर्रास असलेल्या १९२० बाय १०८०च्या पडद्यावर हे बिंदू पावणेएकवीस लाखांच्या आसपास होतात. ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला साठ वेळा हे सगळे बिंदू रंगवायचे असतात. पडदा लहान तर श्रम निम्मे. शिवाय आमचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवू शकतो. शंभर काढणारे कार्ड आणले तरी वरची चाळीस दिसणार नाहीत. गरिबीचा असा फायदा क्वचितच होतो, पण झाला की तो बिनशर्त घ्यावा.

कार्ड निवडताना दुसरी अडचण आली ती दाराच्या रुंदीची. एच-८१ बोर्डावर कार्ड बसवण्याची खाच जुन्या, पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या आवृत्तीची आहे. तिच्या सोळाही मार्गिका वापरल्या तर सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती ये-जा करू शकते. जानेवारी २०२२मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड स्वस्तात मिळत होते आणि कागदावर बलवानही होते, परंतु ते सोळांपैकी चारच मार्गिका वापरते. नव्या बोर्डावर ते खपून जाते, कारण तिथे प्रत्येक मार्गिका चौपट वेगवान असते. आमच्या बोर्डावर त्याच्या वाट्याला सेकंदाला २ जीबीच आले असते. त्यापेक्षा २०१९ सालचे जीटीएक्स १६५० बरे. ते सोळाही मार्गिका वापरते, त्याची भूक ७५ वॅटच्या आसपास आहे, आणि बहुतेक प्रतींना वेगळी वीजजोडणीही लागत नाही, खाचेतून मिळते तेवढ्यावर भागते. जुन्या घरात नवा माणूस आणताना त्याचे कर्तृत्व पाहावे, पण तो त्या दारातून वाकून येऊ शकतो का तेही पाहावे.

प्रोसेसर बदलावा का, यावर लेकीने आणि मी बरीच चर्चा केली. याच खाचेत बसणारा आय-सेव्हन जुन्या बाजारात मिळत होता. पण साठ चित्रांची मर्यादा पडद्यानेच घातलेली असल्याने तो खर्च दिसला नसता. ते पैसे वीजपुरवठ्याकडे वळवले. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' असे ठसठशीत छापलेले होते, मात्र बारा व्होल्टच्या तारांतून किती वीज मिळणार याचा आकडा लेबलवर धड नव्हताच, आणि कार्डाला लागते ती वीज तिथूनच येते. विकणाऱ्याने तेव्हा त्या ठळक आकड्यावरच बोट ठेवले होते. एसएमपीएस बिघडला तर तो एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो. ज्याला पुन्हा खरेदी करणे परवडणार नाही त्याने याच भागावर काटकसर करू नये, हे या सगळ्या व्यवहारातले मला उमगलेले पहिले सूत्र.

खरेदीला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. डोंबिवलीहून दादर, तिथे लाईन बदलून ग्रँट रोड. दुकानदार पहिल्या वाक्यातच जुन्या यंत्राला निकालात काढतात. "सर, यात आता दम नाही, नवीनच बांधा." नवीन बांधण्यासाठी ती वेळही प्रतिकूल होती, कृत्रिम प्रज्ञेच्या डेटा-केंद्रांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की २०२५च्या अखेरीस नव्या रॅमचे भाव भडकले होते. आम्हांला लागणारी डीडीआर-३ ही पिढी केव्हाच मागे पडलेली असल्याने त्या धावपळीच्या थोडी बाहेर होती. ८ जीबीच्या दोन पट्ट्या १९०० रुपयांत मिळाल्या. आमच्या बोर्डाची कमाल मर्यादाही १६ जीबीच, त्यामुळे तो विषय कायमचा मिटला.

जुन्या कार्डांचा बाजार ही स्वतंत्र अभ्यासाची गोष्ट आहे. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ते चलन 'खणण्यासाठी' अहोरात्र राबवलेली कार्डे जगभर एकदम निकामी झाली. ती पुसून-पासून विकायला आली. त्याखेरीज तोतयेही असतात. एखादे फार जुने कार्ड घेऊन त्याच्या पोटातली नोंद अशी बदलतात की संगणकाला ते नव्या नावाने ओळख सांगते. इथे माझे शिक्षण अनपेक्षितपणे कामी आले. पाठचिकित्सेच्या तासाला आपण मुलांना सांगतो की हस्तलिखित स्वतःबद्दल जे सांगते ते साक्ष म्हणून घ्यावे, निवाडा म्हणून नव्हे. अंतर्गत पुराव्याशी ते ताडून पाहावे. नाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अशाच ताडून पाहण्याने. कार्डाच्या बाबतीत हा अंतर्गत पुरावा म्हणजे स्क्रूंवरचे ओरखडे, पंख्याच्या आसाचा आवाज, जीपीयू-झेड नावाची छोटी आज्ञावली दाखवते ती माहिती, आणि पंधरा मिनिटे पूर्ण भार देऊन पाहिलेले तापमान. दोन दुकानांनी भार देऊन दाखवायला नकार दिला, तिथून आम्ही निघालो. तिसऱ्याने दाखवले. ६८०० रुपयांना कार्ड घेतले.

पूर्ण जमाखर्च असा: कार्ड ६८००, एसएमपीएस २६००, रॅम १९००, ४८० जीबीची सॉलिड स्टेट डिस्क २९००, थर्मल पेस्ट २५०. शिवाय आमच्या जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीएची तार लागते आणि नव्या कार्डावर ती सोयच नाही, म्हणून मध्ये बसवायचे रूपांतरक ३५०. मदरबोर्डावरचा गोल सेल ५०. एकूण १४,८५०. उरलेल्या दीडशेत दोघांचा वडापाव आणि चहा झाला, आणि परतीच्या गाडीत लेकीने एसएमपीएसचा खोका मांडीवर असा धरला होता की शेजारच्या बाईंनी आत काय आहे म्हणून चौकशी केली.

जोडणी घरच्या जेवणाच्या मेजावर झाली. अकरा वर्षांची धूळ मऊ ब्रशाने काढली. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्या मधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून नवी लावल्यावर भाराखालचे तापमान चांगलेच उतरले. अडीचशे रुपयांत एवढा गुण दुसऱ्या कशाने आला नाही. बोर्डावरचा सेल संपल्यामुळे या संगणकाचे घड्याळ वीज गेली की मागे जाऊन २०१४ सालात उभे राहत असे. सेल बदलल्यावर ते वर्तमानात आले. जुन्या हार्ड डिस्कमधून माहिती सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या वेगाने येई, नवी डिस्क पाचशेच्या आसपास देते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की पूर्वी संगणक चालू करून मी चहा करायला जात असे, आता चहा करून मगच तो चालू करतो.

विंडोज १०चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीच्या आठवडाभर आधी संपला. सुरक्षेची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६पर्यंत देण्यात आली, परंतु विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर स्वीकारते. चौथ्या पिढीचे धडधाकट यंत्र एका तारखेला, काही न बिघडता, अपात्र ठरते. ही भाषा मला परकी वाटली नाही. आम्ही लिनक्स मिंट टाकले. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजसाठी लिहिलेले पुष्कळ खेळ लिनक्सवर चालतात. सगळे नव्हे; ऑनलाइन स्पर्धेच्या काही खेळांतली फसवणूक रोखणारी यंत्रणा विंडोजपुरतीच आहे. आणि २०२४ सालचा इंडियाना जोन्सवरचा खेळ तर प्रकाशकिरणांचे गणित करणारे खास अंग कार्डात असल्याशिवाय सुरूच होत नाही. ते अंग आमच्या कार्डाला नाही.

या खटपटीत एक गोष्ट मराठीचा शिक्षक म्हणून मला बोचली. २०१४च्या बोर्डात २०१९चे कार्ड निमूटपणे बसले, कारण खाचेचे प्रमाण ठरवणाऱ्यांनी जुन्याला न सोडण्याचे पथ्य पाळले. त्याच हार्ड डिस्कवरची माझी २०१४ची मराठी टिपणे मात्र उघडली तेव्हा पडद्यावर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा कचरा आला. युनिकोड रुळण्याआधीच्या जुन्या फॉन्टांत, छपाईच्या सोयीसाठी टाइप केलेला तो मजकूर होता. फॉन्ट नाही तर अक्षर नाही. लोखंड-तांब्याने शब्द पाळला आणि भाषेच्या साधनांनी पाळला नाही. रूपांतरकाच्या साहाय्याने टिपणे परत मिळवतो आहे, जोडाक्षरे हाताने दुरुस्त करावी लागतात.

आता खेळांविषयी. 'द विचर ३' हा २०१५ सालचा खेळ आमच्या पडद्यावर बहुतेक वेळ सेकंदाला साठ चित्रांनी चालतो. त्याचे मूळ आंद्रेइ सापकोव्हस्की या पोलिश लेखकाच्या कथांत आहे, आणि पहिली कथा १९८६ साली एका पोलिश मासिकात आली होती. 'राजी' हा २०२० सालचा खेळ तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आणि तिच्या प्रवासावर वरून भाष्य करणारे दुर्गा आणि विष्णू. मधले प्रसंग छायाबाहुल्यांनी सांगितलेले. आपल्याकडच्या सूत्रधाराची आठवण यावी अशी ही योजना आहे. माझ्या वाट्याला 'डिस्को इलिझियम' आला. रॉबर्ट कुर्विट्झ या एस्टोनियन लेखकाने २०१३ साली ज्या कल्पित जगावर कादंबरी लिहिली, तेच जग २०१९ साली या खेळात आले. त्यात वाचायचेच इतके आहे की लेक म्हणते, "बाबा, तुम्ही खेळत नाही, पेपर तपासता." या खेळांना साहित्य म्हणावे की नाही हा वाद मी इथे उपस्थित करत नाही. कथनमीमांसा शिकवणाऱ्याने एकदा तरी अशा संहितेत शिरून पाहावे, जिथे निवेदक आपल्या पुढच्या पावलाची वाट पाहत थांबतो, एवढीच शिफारस.

असो. मूळ प्रश्न तसाच राहिला. पैसे बेताचे असले की वस्तूचे अंतरंग कळते, हे खरे आहे. नवा संगणक घेणाऱ्याला आपल्या खाचेच्या मार्गिका किती हे आयुष्यभर ठाऊक नसते. लेकीला ते तोंडपाठ आहे, आणि हे ज्ञान तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही. परंतु टंचाईतून आलेल्या ज्ञानाचे गोडवे गाताना जपावे लागते, कारण ते गोडवे नेहमी दुसऱ्याच्या टंचाईचे समर्थन करण्यासाठी वापरले जातात. 'यातूनच माणूस घडतो' हे वाक्य तासिका तत्त्वावरच्या आम्हां शिक्षकांना अनेक वर्षे ऐकवले गेले आहे. मला ते माझ्या मुलीला ऐकवायचे नाही.

म्हणून मार्चमध्ये तिला आणखी एक यादी करायला सांगितली. भावाचा रकाना आखायचा नाही, 'हे नसले तरी चालेल' हा तर नाहीच; तुला काय हवे एवढेच लिही. पंधरा हजारांचा हिशेब तिने दोन दिवसांत मांडला होता. या यादीला अजून वेळ लागतो आहे. पानावर आतापर्यंत तीन नोंदी आहेत, आणि त्यांतल्या एकीपुढे तिने सवयीने भाव लिहून मग तो खोडला आहे.